झिवाचं डोकं आणि माझी कल्हई

मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. पोटाला पोचा आहे, झाकण अर्ध्यावर अडतं, पण म्हणून मला भंगार म्हणू नका, मित्रांनो. तुमच्या प्लास्टिकच्या बाटल्या दोन उन्हाळ्यांत तडकतात. मी चौथ्या पिढीला पाणी पाजतोय.

माझा जन्म अलिबागच्या बाजारातला. एका तांबटानं पितळ ठोकून ठोकून मला पोट दिलं, मान दिली, आणि वर फिरवून घट्ट बसवायचं झाकण दिलं. मला आडवं करा, उलटं करा, थेंब सांडायचा नाही. मग आतून कल्हई झाली. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ, चांदीसारखा थर. तो आहे तोवर माझ्यात आंबट ठेवलं तरी चालतं. तो गेला की पितळ आंबटाशी भांडतं आणि हिरवं विष सोडतं. एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

कोकणातल्या यहुदी घरातल्या येहुदितबाई लग्न होऊन रेवदंड्याला निघाल्या तेव्हा त्यांच्या आईनं मला त्यांच्या हातात दिलं. बाई दोन यत्ता शिकलेल्या, पण जीभ मॅट्रिक पास. १९६५ साली मुलगा गर्शोन सगळ्यांना घेऊन इस्रायलला निघाला तेव्हा मुंबईचे नातेवाईक म्हणाले, "तिकडे घरात नळ आहेत, तांब्या कशाला?" बाई म्हणाल्या, "नळ आहेत हो, पण नळ काय माझ्याबरोबर फिरायला येणारेत?" आणि विमानात मला मांडीवर घेऊन बसल्या.

आम्ही किर्यात मलाखीला राहिलो. पहिली दोन वर्षं माझा काय थाट! बसनं अश्केलोनच्या समुद्रावर जायचं तर आधी मी, मग माणसं. शेजारच्या मोरोक्कन बायकासुद्धा माझं गार पाणी मागून प्यायच्या. मग सूनबाई व्हायोलेटनं थर्मास आणला आणि मी कपाटावर चढलो. माझ्यात प्लास्टिकचे गुलाब खोचले. गुलाब, तेही खोटे! त्या गावात गल्लीतून ओरडत जाणारा कल्हईवाला नव्हता. माझी कल्हई कधी उडाली, कुणाला कळलंही नाही. सात वर्षं आत कुणी डोकावलंच नाही.

मग आला १९७४चा उन्हाळा. गर्शोनची झिवा बारा वर्षांची झाली होती. पोरगी धावायला लागली की वेणी पाठीवर टेकायची नाही. शाळेच्या शर्यतीत तिचं नाव होतं. पण वाळवंटाकडून शराव सुटला, म्हणजे तो भट्टीसारखा वारा, की पोरगी सरावाहून यायची ती तापलेल्या तव्यासारखं तोंड घेऊन. डोकं दोन्ही हातांत धरून गार फरशीवर बसायची. "कोएव ली हारोश," म्हणायची. डोकं दुखतंय. मास्तर त्स्वीनं बजावलं, आणखी एकदा असं झालं तर शर्यतीतून नाव काढून टाकीन. झिवा माझ्या कपाटाखाली बसून रडली.

"दृष्ट लागलीय," येहुदितबाईंनी निकाल दिला. "एवढी पळते, लोकांचे डोळे काय फुटलेत?"

"सावता, दाय!" झिवा ओरडली. आजी, पुरे!

"दाय-बीय काही नाही. उभी राहा."

मीठमिरच्या ओवाळून जाळल्या. सगळी बिल्डिंग खोकली. तोंड लाल ते लालच. बाईंनी एलियाहू हन्नाबीला, म्हणजे आमच्या लोकांच्या प्रेषिताला, नवस बोलला, "पोरीचा पहिला नंबर येऊ दे, मलिदा करीन." हे मी स्वच्छ ऐकलं. खोलीत मी आणि ते गुलाबच होतो.

आणि शेवटी बाईंना माझी आठवण झाली. "डोक्यात उष्णता चढलीय. आमसुलाचं पाणी पाहिजे, आणि ते तांब्यातलंच." खाली काढलं, चिंचेनं घासलं. मी असा चमकलो की व्हायोलेट बघत राहिली. पण घासलं बाहेरून. आत चार आमसुलं आणि साखर घालून रात्रभर ठेवलं. मी काय करू, मित्रांनो? तांब्याला ओरडता येत नाही.

सकाळी झिवानं दोन घोट घेतले आणि पायरीवरच ओकली. त्यात बाईंचा नियम, धावायच्या आधी पाणी नाही, पोटात कळ येते. अशी रिकाम्या पोटी, कोरड्या घशानं पोरगी सरावाला गेली आणि डोकं धरून दुसऱ्या फेरीतच खाली बसली.

"फेकून द्या तो तांब्या," व्हायोलेट म्हणाली.

"तुझा थर्मास फेक. माझ्या आईची वस्तू आहे," बाई म्हणाल्या, आणि मला पिशवीत घालून, नातीला धरून दवाखान्यात निघाल्या. आपलं औषध चांगलंच आहे हे त्यांना दाखवून द्यायचं होतं.

तिथली नर्स अदिना जवान होती, पण नजर पक्की. तिनं झाकण फिरवलं, आत बघितलं आणि मला तसंच बाईंच्या नाकासमोर धरलं. आत सगळं हिरवं. बाईंनी बोट घालून पाहिलं, बोटही हिरवं.

मग अदिनानं सावकाश सांगितलं आणि झिवानं आजीला मराठीत करून दिलं. शरीर आतली उष्णता कातडीवाटे बाहेर टाकतं, म्हणून तोंड लाल होतं. नुसत्या लालीला घाबरू नये. पण डोकं दुखलं तर थांबायचं, सावलीत बसायचं, पाणी प्यायचं. चक्कर आली, ओकारी आली, बोलणं अडखळलं तर ताबडतोब दवाखाना. धावायचं सकाळी लवकर, डोक्याला टोपी, आणि पाणी आधी प्यायचं, तहान लागायची वाट बघायची नाही.

"पोटात कळ?" बाईंनी बारीक आवाजात विचारलं.

"एकदम घटाघटा नको. थोडं थोडं."

वाटेत बाई एवढंच म्हणाल्या, "चूक तांब्याची नाही. मी आत बघितलं नाही." मित्रांनो, हे वाक्य मी जपून ठेवलंय. दुसरं मिळायचं नाही.

बाजाराच्या टोकाला बेझालेल नावाचा म्हातारा इराणी भांड्यांना कल्हई करायचा. बाई मराठीत भांडत होत्या, तो फारसीत. दोघांना एकमेकांचं सगळं कळत होतं. नवसागराचा धूर निघाला, कथील पोटात फिरलं, आणि मी आतून पुन्हा चांदीचा झालो.

अदिनाची चिठ्ठी वाचून मास्तर त्स्वीनं झिवाचं नाव राहू दिलं. शर्यतीच्या दिवशीही शराव होताच. निलगिरीच्या झाडांखालच्या वळणावर बाई मला घेऊन उभ्या राहिल्या. आत पाणी, चिमूटभर मीठ आणि आमसूल. झिवा आली, टोपीखालचं तोंड लालबुंद. "पी गं, थोडं थोडं!" तिनं दोन घोट घेतले, उरलेलं मानेवर ओतलं आणि वेणी आडवी करून गेली.

चौथी आली.

बाई धावत गेल्या. "डोकं?"

"लो कोएव, आजी! नाही दुखत!"

"मग झालं. चौथा तर चौथा."

दुसऱ्याच दिवशी पोहे भिजवले, खोबरं खवलं, मलिद्याचं ताट भरलं. व्हायोलेट हळूच म्हणाली, "आई, नवस पहिल्या नंबराचा होता ना?"

"कोण म्हणतं? मी डोक्याचा बोलले होते. एलियाहू हन्नाबीला विचार."

खरं काय ते मला आणि गुलाबांनाच ठाऊक.

आज झिवा स्वतः शाळेत पोरांना पळायला शिकवते. तिच्या मैदानावर मी सावलीत बसतो आणि लाल तोंडाच्या पोरांना पाणी पाजतो. मित्रांनो, कुणाचं तोंड लाल दिसलं तर हसू नका. डोकं दुखतंय का विचारा. आणि घरातलं जुनं भांडं नुसतं बाहेरून चमकवू नका. झिवा रोज सकाळी माझं झाकण फिरवते, आधी आत बघते, मगच भरते.