भिंतीवरचा लापो

माझा दादा लापो व्हेनिसमध्ये वारला, पण आमच्या फ्लॉरेन्समध्ये त्याला अजून उलटं टांगलेलं होतं. राज्य पालटलं की हरलेल्यांना हद्दपार करतात आणि त्यांची चित्रं तुरुंगाच्या भिंतीवर काढतात, एका पायाला दोर, डोकं खाली, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याने थुंकावं. मरताना दादा एवढंच म्हणाला, "बिंदो, मला उतरव. मी तिथलाच आहे." मी हो म्हटलं.

त्याला पुरलं त्याच आठवड्यात गावाकडचा एक विणकर भेटला. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. "तुझ्या लापोला बघून आलो भिंतीवर," तो हसत म्हणाला, "दाढी काय वाढवलीय राव त्याने!"

चित्र काढलं तेव्हा दादाला दाढी नव्हती. ती त्याने व्हेनिसला आल्यावर राखली होती. मी त्या विणकराची गचांडी धरली, मग सोडली आणि तसाच फ्लॉरेन्सला निघालो.

हद्दपारी मलाही होती. सापडलो असतो तर माझ्यासाठी खराखुरा दोर होता. पण संत जॉनच्या सणाआधी गावभर भिंतींना चुना देतात, आणि चुन्याची बादली घेतलेल्या माणसाकडे कोण बघतं? भर उन्हात शिडी लावली. दादा उलटा असल्यामुळे आधी त्याचा चेहराच हाताशी आला. दाढी खरंच होती. मेला तेव्हा ती काळीभोर होती, आता पिकायला लागली होती.

"बापासारखाच धसमुसळा तू," खालून आवाज आला. वजडी विकणारी म्हातारी तेस्सा. तिने मला ओळखलं होतं. "डोळ्यांत तरी नको घालूस रे चुना त्याच्या."

"गप बस मावशी. उतरवतोय त्याला."

"उतरवून नेणार कुठे? सगळ्या गावात एवढीच तर जागा उरली होती त्याला."

मी कुंचला पुन्हा बादलीत बुडवला. दादाला शब्द दिला होता. चेहरा, छाती, पाय, दोर, सगळं पांढरं केलं आणि खाली आलो. उन्हाने चुना भराभर वाळत होता. तोंडाच्या जागी मात्र एक ओला गोल राहिला होता. तो श्वासासारखा आकसायचा, आणि पुन्हा पसरायचा.

चुन्याचा दुसरा हात द्यायला मी शिडी चढलो.