पऱ्हाटीतलं विमान

उकंडा फौजेतून साधा नाईक म्हणून घरी आला, पण गावानं त्याला परस्पर सुभेदार करून टाकलं. बढती द्यायचं काम गावाच्या हातात असतं तर अर्धं मारेगाव जनरल झालं असतं. उकंडानंही कधी दुरुस्ती केली नाही. जबलपूरच्या वायरलेस वर्कशॉपात त्यानं अकरा वर्षं काढली होती, आणि आता बाजारगल्लीतल्या त्याच्या टपरीवर आसपासच्या वीस गावांचे रेडिओ यायचे. बंद पडलेला रेडिओ तो आधी कानाला लावायचा, मग नाकाशी धरून वास घ्यायचा, आणि मगच पेचकस उचलायचा. लोक म्हणायचे, काय कसबी माणूस आहे!

कसब होतंच. पण खरी गोष्ट अशी की त्याला दिसत नव्हतं.

अगदी अंधार होता असं नाही. माणूस माणसासारखा दिसायचा, फक्त चेहरा पुसून टाकल्यासारखा. यवतमाळच्या डॉक्टरानं डोळ्यात बत्ती मारून सांगितलं होतं की आतली नस सुकत चालली आहे, याला चष्मा नाही आणि ऑपरेशनही नाही, आहे ते जपून वापरा. नजर जपून कशी वापरतात हे डॉक्टरानं सांगितलं नाही आणि उकंडानंही विचारलं नाही. घरी आल्यावर तो बायकोला, रुखमाला म्हणाला, "चष्म्याचा नंबर वाढला म्हणते." शेगडीवर तापवलेल्या सळईनं तारा जोडताना त्याची बोटं भाजायची. रुखमा बोटांना खोबरेल लावायची आणि सळईला शिव्या घालायची. त्याला त्या शिव्यांचा मोठा आधार वाटायचा, कारण दोष सळईवर जात होता.

या सगळ्याच्या आत एक विमान होतं.

जबलपूरला एक कप्तान रविवारी मैदानात खेळण्यातलं विमान उडवायचा. जमिनीवर उभा राहून, हातात डबा धरून, आणि मधे दोरी नाही की तार नाही. ते पाहिल्या दिवसापासून उकंडाची झोप उडाली होती. कप्तानानं बदलीवर जाताना त्याला मुठीएवढं एक इंजिन दिलं. बाकीचं सगळं उकंडानं सहा वर्षं लावून स्वतः केलं. सांगाडा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा, फासळ्या बांबूच्या, वर मलमल ताणून खळ. पोटातला वायरलेसचा सेट तर त्यानं चार वर्षांपूर्वीच जोडून ठेवला होता, नजर चांगली होती तेव्हा. हातातल्या डब्याचं बटन दाबलं की हवेतून हुकूम जायचा, विमानाच्या पोटातली कळ 'टक्' वाजायची आणि शेपटीचं पान एका अंगाला वळायचं. पुन्हा दाबलं की दुसऱ्या अंगाला. एवढीच काय ती विद्या, पण ती साऱ्या जिल्ह्यात एकट्या त्याच्याकडे होती.

रंग कोणता द्यावा यावर रुखमानं बरंच डोकं खाल्लं. ती म्हणे लाल. उकंडानं पांढराच ठेवला. आभाळात बगळा तेवढा त्याला अजून दिसायचा, म्हणून पांढरा. हे कारण त्यानं तिला सांगितलं नाही.

चौसष्ट साली दसरा होऊन आठवडा झाला, तेव्हा एका सकाळी दोघं गायरानावर गेले. रुखमानं विमान डोक्यावर धरलं, इंजिन किंचाळलं, ती घाबरून "सोडू का? सोडू का?" ओरडत राहिली आणि शेवटी तिच्या हातून ते सुटलंच. विमान वर गेलं. उकंडानं बटन दाबलं, ते डावीकडे वळलं. पुन्हा दाबलं, उजवीकडे वळलं. पंचेचाळीस वर्षांचा तो माणूस तिथल्या तिथे रडला. एवढा आनंद त्याला पेन्शनीचा कागद हातात पडला तेव्हाही झाला नव्हता.

तिसऱ्या वळणावर विमान उन्हात शिरलं आणि त्याच्यासाठी ते संपलं. राहिला नुसता आवाज. आवाजावरून तो बटन दाबत गेला, पण आवाज कधी या कानात तर कधी त्या कानात. "अवो, वळवा! खाली येऊन राह्यलं न!" रुखमा ओरडली. कुठल्या अंगाला वळवू, एवढं विचारायचं होतं. जिभेवर आलं होतं. विचारलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं, म्हणून तो अंदाजानं दाबत राहिला. बाभळींच्या पलीकडे मैनाबाईच्या पऱ्हाटीत, उभ्या कापसात, आवाज घुसला आणि बंद झाला.

"काहून वळवलं नाही?" रुखमानं विचारलं.

"यंत्रच ऐके ना," उकंडा म्हणाला. "सेट बंद पडला."

खोटं एकदा बोललं की ते खरं निघावं असं माणसाला वाटू लागतं. खरंच बंद पडला असेल तर? सेट जुना, व्हॉल्व्ह जुने. एखादा व्हॉल्व्ह गेला असेल, कळेचा रबर तुटला असेल. मग दोष यंत्राचा. मग आपली नजर विमान उडवण्यापुरती अजून आहे, टपरी चालवण्यापुरती आहे, हात अजून कामाचे आहेत. आणि सेट धडधाकट निघाला तर? तर विमान त्यानं स्वतःच्या हातानं जमिनीत घातलं. याचा निकाल आता मैनाबाईच्या वावरात पडला होता.

दोघं तसेच तिच्या वावराच्या धुऱ्यावर, बांधावर गेले. मैनाबाई तिथंच होती. एकट्या बाईनं बारा एकर कसायची म्हणजे जीभ धारदार ठेवावीच लागते, आणि तिनं ती ठेवली होती.

"सुभेदार, पाय मांगं घ्या. सीतादही झाल्याबिगर माह्या वावरात कोनी शिरत नाही."

वेचणी सुरू करायच्या आधी वावरात पाच दगड मांडायचे, दहीभात उडवायचा, पहिला कापूस झाडावर पसरून ठेवायचा, मगच बोंडाला हात लावायचा, अशी तिकडची रीत. मैनाबाईनं दिवस धरला होता चार दिवसांनंतरचा.

"मैनाबाई, माही सहा वर्साची मेहनत पडली हाय वं तथी."

"आन माही सालाची उभी हाय. फुटलेली पऱ्हाटी तुडवली त कापूस मातीत जाते. चार दिवसानं वेचणाऱ्या बाया लागतीन पातीला, एकेक तास पाहत जातीन. मुंगी पडली असली तरी सापडन. तुमचं विमान कोनी खात नाही."

बोलणं बिनतोड होतं. बाया ओळीनं उभ्या राहतात, प्रत्येकीच्या वाट्याला दोन तास, म्हणजे झाडांच्या दोन रांगा, ती तिची पात. अशी बारा बायांची ओळ वावरभर फिरली तर काही सुटायची सोय नाही. नागपूरला दीक्षा घेऊन आल्यापासून उकंडाच्या घरात सीतादही नव्हतं आणि दहीभातही नव्हता, पण दुसऱ्याच्या वावरात दुसऱ्याची रीत चालणार. तो परत फिरला.

ते चार दिवस रुखमानं विमानासाठी जीव टाकला. रात्रीचं दव पडलं की ती म्हणायची, "भिजलं असन वो बिचारं." आणि उकंडा मनात म्हणायचा, भिजू दे. तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं, तेव्हा तो अंगणात उभा राहून पावसाची वाट पाहू लागला. स्वतःच्या हातानं केलेली वस्तू सडावी म्हणून कोणी वाट पाहिली असेल का, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली. पाऊस आला नाही.

चौथ्या दिवशी मैनाबाईची पूजा झाली. दहीभात उडाला. बाया पदराची झोळी करून पातीला लागल्या. रुखमाही लागली, तिचा तर दर वर्षीचा तो रोजगारच. उकंडाला धुऱ्यावर बसवलं होतं, पण तो बसेना.

"मलेही एक पात द्या."

बाया हसल्या. फौजेतला माणूस कापूस वेचणार म्हणून एकमेकींना कोपरं मारली. मैनाबाईनं त्याला मधली पात दिली. एका बाजूला रुखमा, दुसऱ्या बाजूला तांड्यावरची जमनी. उकंडा चालू लागला. आणि दहा पावलांतच त्याला आपली चूक कळली. सगळं वावर पांढरं होतं. पांढऱ्या बोंडांच्या रानात त्यानं पांढरं विमान हरवलं होतं. बगळ्यासारखं दिसावं म्हणून ठेवलेला रंग बोंडात मिसळून गेला होता. त्याच्यापुढे कमरेएवढं नुसतं धुकं होतं, आणि त्या धुक्यात तो हातानं चाचपत, वेचल्यासारखं दाखवत पुढे सरकत होता.

अर्धं वावर झालं. ऊन चढलं. बायांची गाणी थांबून गप्पा सुरू झाल्या. उकंडाच्या मनात हळूच आलं, नाही सापडलं तर काय बिघडलं? सापडलं नाही तर निकालही नाही. त्याला क्षणभर बरं वाटलं.

"याडी ये!" मागून जमनी ओरडली. "सुभेदार दादा, कुठं चालले? तुमच्याच पातीत हाय न!"

तो वळला. चार झाडं मागे, त्याच्याच दोन तासांपैकी एकात, विमान पऱ्हाटीवर अलगद टेकलं होतं. एक पंख मोडलेला, बाकी सगळं जागच्या जागी. त्याचा हात त्या पंखावरून गेला असणार. ताणलेली मलमल आणि फुटलेलं बोंड यांतला फरक बोटांनाही कळला नव्हता.

सगळ्या बाया धावत आल्या. "अंगावरून गेले न वो दादा, तरी दिसलं नाही?" जमनी म्हणाली.

"पांढऱ्यात पांढरं, कोनाले दिसन?" रुखमा पटकन म्हणाली. "मले तरी कुठं दिसलं?" ती शेजारच्या पातीत अजून मागेच होती, तिथवर पोचलीही नव्हती. उकंडाच्या मनात तिच्याविषयी अशी माया दाटून आली की त्यानं खाली मान घातली.

त्यानं विमान उचललं. पोटाचं झाकण चाचपलं. आत दव शिरलं नव्हतं. त्याच्याच हातानं बसवलेलं झाकण, इतकं नीट की आत थेंब जाईल कसा!

"चालवून दाखवा न," बाया म्हणाल्या.

"सेल उतरले असतीन," उकंडा म्हणाला. "आन डबा घरी हाय." डबा त्यानं मुद्दामच घरी ठेवला होता.

"म्या आनला न!" रुखमा म्हणाली. ती धुऱ्याकडे पळत गेली आणि भाकरीच्या टोपलीतून डबा काढून आली, सोबत नवे कोरे सेल, कागदात गुंडाळलेले. तिनं ते काल बाजारातून आणले होते, त्याला न सांगता. "म्हटलं, सापडलं की लगेच पाह्यता येईन. तुमचा जीव लागला व्हता न."

उकंडानं सेल घेतले. त्यानं बोटांनी जुने सेल काढले, बोटांनी नवे बसवले, विमान रुखमाच्या हातात दिलं आणि डब्याच्या एरियलची काडी लांब केली. बाया विमानाकडे वाकल्या. त्याच्या मनात एकच होतं. वाजू नको. एवढ्या वेळी तरी वाजू नको.

त्यानं बटन दाबलं.

टक्.

"हाललं! शेपूट हाललं!" बाया टाळ्या पिटू लागल्या. त्यानं पुन्हा दाबलं. टक्. पुन्हा दाबलं. टक्. एक हुकूम चुकत नव्हता. चार दिवस दवात आणि उन्हात पडून, पंख मोडून, ते यंत्र त्याचं ऐकतच होतं. मैनाबाईसुद्धा कौतुकानं म्हणाली, "वा रे सुभेदार! सोन्याचे हात हायत."

रुखमा सगळ्यांत मोठ्यानं हसत होती. हसता हसता ती थांबली.

"पन मंग त्या दिवशी काहून नाही ऐकलं?"

उकंडा आणखी एखादं खोटं शोधत होता. रबर अडकला होता म्हणावं, सेल ढिले होते म्हणावं. रुखमानं पटकन मानलं असतं. आयुष्यभर मानलं असतं. पण आता त्याचा त्यालाच कंटाळा आला.

"ऐकत व्हतं," तो म्हणाला. "मले दिसत नव्हतं."

बायांना अर्थ लागायला वेळ लागला. रुखमाला वेळ लागला नाही. भाजलेली बोटं, नाकाशी धरलेले रेडिओ, वाढलेला नंबर, सगळं तिच्या ध्यानात एकदम आलं असावं, कारण तिनं विमान हळूच खाली ठेवलं. मैनाबाईनं बायांना नजरेनंच मागे सारलं. "चला वं, पाती अर्ध्या राह्यल्या," ती म्हणाली, पण हलली कोणीच नाही.

"डॉक्टर काय म्हने?" रुखमानं विचारलं.

"नस सुकली म्हने. इलाज नाही."

"कवा सांगतलं?"

"दोन साल झाले."

ती दोन पावलं पुढे आली. ऊन तिच्या मागून येत होतं. ती त्याच्या अगदी समोर उभी राहिली, हात पोचेल इतक्या जवळ.

"आन मी?" ती म्हणाली. "मी दिसतो का तुमाले?"

उकंडा बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला. खूप प्रयत्न केला त्यानं.

"आवाज येते तुहा," तो म्हणाला.