हिंदुरावाच्या गाडीचा ॲक्सल

फौजेतून सुटल्यावर सर्जेराव शेवटची नेमणूक होती त्या जयपुरातच राहिला. जुना ट्रक घेऊन तो झालान्याच्या खाणींतला दगड वाहायचा. सदुसष्टच्या उन्हाळ्यात ट्रकचा मागचा ॲक्सल मोडला आणि जुनाच दुसरा बघायला तो भंवरलालजींच्या भंगारवाड्यात गेला.

“मिलिटरी की नीलामी का माल है, हवलदारसाब,” भंवरलालजी म्हणाले. “गाडी खाई में गिरी थी, पर एक्सल एकदम सीधा.”

सर्जेरावाने त्यावरची माती बोटाने खरवडली आणि त्याचा हात थांबला. वीतभर लांब वेल्डिंगचा टाका, शेजारी पंचने ठोकलेलं ‘हिं’. टाका त्याच्याच हातचा. बासष्टच्या हिवाळ्यात, पूर्वेच्या डोंगरातल्या तळावर, त्याने तो मारला होता आणि त्याचा दोस्त हिंदुरावाने हसत आपलं अक्षर ठोकलं होतं. दुसऱ्या दिवशी हिंदुराव गाडीसकट दरीत गेला. आपला टाका उकलला, असंच सर्जेराव पाच वर्षं मानत आला होता.

त्याने रॉकेल मागून टाका घासून पाहिला. केसाएवढीही भेग नव्हती.

ॲक्सल घरी आला. “देवानंच दाखवलं,” त्याची बायको गिरिजा म्हणाली. “आता तरी सुखानं झोपा.”

सर्जेराव ॲक्सलशेजारी उकिडवा बसला. मग म्हणाला, “त्या दिवशी गाडी न्यायची पाळी माझी होती. आदल्या संध्याकाळीच ताप आलाय म्हणून पडून राहिलो. ताप नव्हता, गिरिजे. रस्त्याची भीती वाटली. टाक्याला दोष देत बसलो, म्हंजे हे आठवायला नको.”

दुसऱ्या दिवशी त्याने हिंदुरावाच्या बायकोला, अनुसयेला, कोरेगावला पत्र घातलं. काही राखून ठेवलं नाही.

महिन्याने उत्तर आलं. “भाऊजी, मला ठाऊक होतं. त्यांच्या शेवटच्या पत्रात होतं, सर्जा घाबरलाय, त्याची पोरं लहान आहेत, उद्या त्याच्या जागी मी जातो. त्याला कधी बोलू नकोस, असंही लिहिलं होतं. म्हणून बोलले नाही.”

ॲक्सल बसवून ट्रक दारात उभा होता. खाणीवरून दोनदा बोलावणं येऊन गेलं. सर्जेराव वर चढायचा, इंजिन सुरू करायचा आणि शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघत राहायचा. पुन्हा इंजिन बंद करून उतरायचा.

शेवटी एका सकाळी गिरिजाच त्या बाजूने वर चढली. “चला,” म्हणाली.

त्याने गाडी काढली. ट्रक झालान्याच्या रस्त्याला लागला. दोघांच्या मध्ये आणखी एका माणसाला जागा सोडावी तशी गिरिजा दाराशी चेपून बसली होती.