पीण्या ते जयनगर, खांबांखालून

मला बघायला येणाऱ्या मुलांना मी पोहे देत नाही, चालायला लावते. पीण्यापासून जयनगरपर्यंत, बंगळूर मेट्रोच्या हिरव्या लाइनखालून, पंधरा किलोमीटर. नियम दोनच. लाइन सोडायची नाही आणि फोन खिशातून काढायचा नाही. जयनगरला प्रमोदिनीआत्याकडे दोन्ही घरची मंडळी जेवायला थांबलेली असतात. तिथे पोचेपर्यंत मी हो किंवा नाही ठरवते.

आत्या याला थेर म्हणते. मला तिचा कार्यक्रम थेर वाटतो. साडी नेसून ट्रे धरायचा आणि कुठल्या तरी अनोळखी बाईने विचारायचं, स्वयंपाक येतो का. येतो, मग? चार तास उन्हात चालवलं की माणूस आपोआप उघडा पडतो. पहिला यशवंतपूरलाच ऑटोत बसला. दुसरा शेवटपर्यंत आला, पण अख्खी वाट स्वतःच्या पगारावर बोलत.

चालायची सवय माझी जुनी. पीण्यात एका छोट्या कारखान्यात मी मापं तपासते. सहा दिवस मिलिमीटरच्या शंभराव्या भागात डोळे घातले की रविवारी मोठं काहीतरी बघावंसं वाटतं. मग एखादी लाइन धरायची आणि तिच्याखालून निघायचं. मेट्रोत बसून दिसतात गच्च्या आणि पाण्याच्या टाक्या. शहर खाली असतं.

माझी अट बायोडेटात ठळक अक्षरांत आहे : बंगळूर सोडणार नाही. आजोबा इथल्या कारखान्यात लागले, अप्पा इथे जन्मले, मीही इथलीच. तरी पुण्याकडचा प्रत्येक जण मला ‘परत’ न्यायला बघतो. अरे, मी तिथून निघालेच नाही तर परत कशी जाऊ?

तिसरा अभिराज. पुण्याचा, पाच वर्षं इथल्या एचएसआर लेआउटमध्ये. बायोडेटात भाषा : मराठी, हिंदी, इंग्रजी, कन्नड. सकाळी सातला पीण्या स्टेशनखाली उभा होता तो इस्त्रीच्या कुर्त्यात आणि कोऱ्या करकरीत कोल्हापुरी चपलांत. आईने घेतल्या होत्या. मुलगी बघायला बूट घालून जातात का, म्हणून. मी चपलांकडे बघितलं. ज्याला त्याला आपापल्या चुका करू द्याव्यात.

चालायला मात्र बरा होता. लॉऱ्यांच्या धुरात खांबांचे नंबर मोजत होता. साबणाच्या कारखान्यापाशी चंदनाचा वास आला तेव्हा रस्त्यात थांबून लहान मुलासारखा हुंगत राहिला. त्याचं बंगळूर म्हणजे सोसायटी, ऑफिस आणि मधला ट्रॅफिक. शहराबद्दल त्याला एकच गोष्ट सांगता येत होती, ती म्हणजे हवा छान आहे. राजाजीनगरला तो लंगडायला लागला. विचारलं तर म्हणाला, चपला सैल होतायत.

संपिगे रोडच्या पुढे लाइन जमिनीत शिरते. खांब संपतात. अभिराजने खाली बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“विचार कोणाला तरी,” मी म्हटलं. “कन्नड येतं ना तुला?”

तो एका फुलवालीकडे गेला. ‘अक्का’ एवढं नीट म्हणाला, मग हिंदीवर घसरला, शेवटी हाताने गाडी करून ती जमिनीत बुडवून दाखवली. बाई इतकी हसली की तिच्या हातातला गजरा सुटला. तिने पुढच्या मॅजेस्टिक स्टेशनची दिशा दाखवली. तो परत येऊन म्हणाला, बायोडेटातलं कन्नड आईचं आहे.

“माझ्यात शांत स्वभाव लिहिलंय,” मी म्हटलं. “तो आत्याचा.”

मग चिकपेटपर्यंत त्याने आणखी चौघांना विचारलं. दर वेळी हिंदी कमी आणि ‘येल्ली’, म्हणजे कुठे, जास्त. मला तो आवडायला लागला होता. खोटं कशाला लिहू?

मार्केटजवळ त्याने रबरी निळ्या स्लिपर घेतल्या. एका दुकानाच्या पायरीवर बसून कोल्हापुरी काढल्या तेव्हा दोन्ही टाचांना फोड दिसले. तो फोडांकडे बघतच बोलला.

“बायोडेटात नाही असं अजून एक आहे. जूनपासून माझी पुण्याला बदली आहे. पत्र आलंय. आई म्हणाली, साखरपुड्यानंतर सांग.”

म्हणजे मुलगी एकदा अडकली की गप बसते, हा हिशोब. माझं डोकं फिरलं. माझी अट ठळक अक्षरांत होती आणि त्यांनी ती वाचून, समजून, घडी घालून ठेवली होती. चालायला तरी का आलास, मी विचारलं. आईला नाही म्हणता आलं नाही, तो म्हणाला, आणि पीण्यालाच सांगितलं असतं तर तू मला तिथेच ऑटोत बसवलं असतंस.

“नाही,” मी म्हटलं. “माझं उत्तर नाही.”

“सरी,” तो म्हणाला. म्हणजे ठीक आहे. दिवसभरातलं त्याचं सगळ्यात चोख कन्नड.

समोरच मेट्रोचा जिना होता. तो उतरला नाही. लाइन पुन्हा वर कुठे येते ते बघायचं होतं त्याला. नॅशनल कॉलेजच्या अलीकडे ती जमिनीतून निघून खांबांवर चढली तेव्हा त्याने मला कोपराने ढोसलं. मी चिडलेली होते, तरी हसले.

आत्याकडे सगळ्यांनी आधी त्याच्या स्लिपर बघितल्या. आत्याने विचारलं, काय ठरलं. आता मी नाही म्हणणार आणि माझ्या तोंडाळपणावर जेवण संपेपर्यंत चर्चा होणार, हे मला पाठ होतं. पण आधी तोच बोलला.

“आई, बदलीचं सांगितलं मी. ती नाही म्हणाली. बरोबर केलं.”

आत्याने मान वळवून त्याच्या आईकडे जे बघितलं, ते मी आजवर फक्त माझ्या वाट्याला आलेलं पाहिलं होतं. अप्पा म्हणाले, ओबट्टू गार होतायत, बसा. ओबट्टू म्हणजे इकडची पुरणपोळी. अभिराजने चार खाल्ले.

निघताना एका हातात कोल्हापुरी धरून त्याने विचारलं, जयनगरच्या पुढे लाइन कुठे जाते.

“सिल्क इन्स्टिट्यूट. दहाएक किलोमीटर असेल.”

“जूनपर्यंत बरेच रविवार आहेत.”

“माझं उत्तर नाहीच आहे.”

“माहितीये. मी लाइनचं विचारतोय.”

मी त्याच्या टाचांकडे बघितलं.

“सातला ये,” मी म्हटलं. “बूट घालून.”