चव पाहिलेली बिस्किटे

"आणि चव कोण बघतं?" परवाना-अधिकाऱ्याने पेनाचे टोपण दातांनी काढत विचारले.

"मी," मावशी म्हणाल्या.

"तुम्ही? कुत्र्यांच्या बिस्किटांची?"

"प्रत्येक घाण्यातलं एक, उभ्याउभ्या. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात एकोणतीस वर्षं हेच केलंय, डॉक्टर. मी चाखल्याशिवाय एक ताट वॉर्डात गेलं नाही."

"डॉक्टर, या धंद्यात आईंचं वजन दीड किलोनं वाढलंय," ओट्यापाशी उभी असलेली सून म्हणाली. "अजून एक गिऱ्हाईक नाही, पण माल खपतोय."

अधिकारी हसला. तो मूळचा पशुवैद्य; परंतु गेली चार वर्षे त्याच्या हाताखालून जनावरांपेक्षा फायलीच अधिक गेल्या होत्या. परवान्याच्या पाच पायऱ्यांपैकी तीन मावशींनी ओलांडल्या होत्या: व्यवसायाची नोंदणी, वरच्या-खालच्या शेजाऱ्यांची ना-हरकत आणि प्रयोगशाळेचा अहवाल. ओलावा नऊ टक्के, रोगजंतू आढळले नाहीत, असे त्यात लिहिले होते. मावशींनी तो सहा वेळा वाचून प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवला होता. आता जागेची पाहणी आणि वेष्टनावरचा मजकूर एवढेच उरले होते. निवृत्तीनंतरचे पहिले आठ महिने त्यांनी पहाटे साडेचारला उठून, कोणीही वाट पाहत नसलेला चहा करण्यात घालवले होते. हा परवाना त्यांना कशासाठी हवा होता, हे सुनेला न सांगता कळले होते.

"ही ओळ काढावी लागेल," अधिकारी मजकुराचा कागद पाहत म्हणाला. "'मी स्वतः खाऊन पाहिलेले.' त्याऐवजी 'मानवी सेवनासाठी नाही' असं छापायचं."

"का नाही? मला चालतं ते मुक्या जिवाला देते. मला चालत नाही ते त्याला कोणत्या तोंडानं देऊ?"

"कायदा आहे, मावशी."

"कायद्यानं कधी खाऊन बघितलंय?"

अधिकाऱ्याचे बोट घटकांच्या यादीवर खाली सरकत होते. ओट, गाजर, अंडे. चौथ्या शब्दावर ते थांबले.

"मनुका?"

"परवापासून घालते. अशक्त पेशंटला आम्ही द्यायचो ना, ताकद येते."

"तपासणीला दिलेल्या नमुन्यात होत्या?"

"नव्हत्या. साधीच दिली होती. का हो?"

"मावशी, मनुकांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होतं. सगळ्यांचं नाही. एखादं मूठभर पचवतं, एखादं थोडक्यातच जातं. कुठलं काय करील, ते आधी सांगता येत नाही." त्याने पेन खाली ठेवले. "बाहेर किती गेल्या?"

"तीन पुड्या," मावशी म्हणाल्या. "नमुना म्हणून, काल." आणि त्या चपला घालू लागल्या.

पहिली पुडी शेजारच्या जिन्यातल्या शिक्षिकेकडे फडताळात न उघडलेली सापडली. दुसरी शिंप्याकडे.

"संपली की!" शिंपी म्हणाला. "बिस्किटं झकास, मावशी. चहात बुडवली तरी तुटत नाहीत."

"तुम्ही खाल्लीत?"

"मग? कुत्र्याला असल्या चैनी कशाला?"

एरवी मावशी पोट धरून हसल्या असत्या. आता त्यांनी केवळ विचारले, "त्याला एकही नाही ना दिलं?" आणि त्याने नकारार्थी मान हलवलेली पाहून पुढचा रस्ता धरला.

तिसरी पुडी घड्याळजीकडे होती. त्याचे दुकान बंद होऊन बरीच वर्षे झाली होती. घरात तो आणि तेरा वर्षांची कुत्री. तिने सकाळी पाच बिस्किटे खाल्ली होती आणि आता भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"ओकली दोनदा," तो म्हणाला. "म्हातारी झालीय, चालायचंच."

"म्हातारपण नाही, भाऊ. माझी बिस्किटं आहेत ती. उचला तिला."

कुत्री दोन दिवस दवाखान्यात सलाइनवर होती. मावशी तिथल्या बाकावर बसून राहिल्या; रक्ताच्या प्रत्येक अहवालातला मूत्रपिंडाचा आकडा त्या विचारून घेत आणि हातरुमालाची घडी मोडून पुन्हा घालत. तिसऱ्या दिवशी आकडा उतरला. पोटात मनुका कमी गेल्या, उपचार वेळेवर झाले, की त्या कुत्रीला मुळात त्यांचा फारसा उपद्रवच नव्हता, हे सांगण्याचा मार्ग नाही. एका कुत्रीवरून निष्कर्ष निघत नाही. प्रयोगशाळेचा अहवालही खोटा नव्हता. त्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याने दिले होते. मावशींच्या जिभेनेही तेच केले होते. प्रश्न तेवढा माणसाचा होता, कुत्र्याचा नव्हता.

"तक्रार करा माझी," त्या घड्याळजीला म्हणाल्या.

"काहीतरीच काय! प्रेमानं दिलीत तुम्ही."

"प्रेमानं दिली म्हणून तर तुम्ही आत काय आहे ते विचारलं नाही, भाऊ."

तो कुत्रीच्या कानामागे खाजवत राहिला. तक्रार त्याने केली नाही.

घटक बदलले की अर्ज नव्याने भरावा लागतो. पुढच्या सोमवारी सून समोर बसून एकेक प्रश्न वाचत होती. मनुका गेल्या. 'मानवी सेवनासाठी नाही' ही ओळ आली; मावशींनी अक्षरांची उंची पट्टीने मोजून घेतली.

"उत्पादनाबाबत यापूर्वी तक्रार आली आहे काय?" सुनेने वाचले. "नाही."

"होय लिही."

"आई, कुठे आलीय तक्रार? परवान्याचे डॉक्टरसुद्धा म्हणाले, लेखी काही नसेल तर 'नाही' लिहा. 'होय' म्हटलं की तीन महिने फाईल अडकते. परत पाहणी, परत तपासणी."

"अडकू दे."

"तुम्ही तीन महिने करणार काय घरात?"

मावशींनी तिच्या हातातले पेन घेतले. 'होय'वर खूण केली, तारीख घातली, बिस्किटांची संख्या घातली. पुढचा रकाना तक्रारदाराचे नाव व सही यासाठी होता, आणि अरुंद होता. त्यात त्यांनी स्वतःचे संपूर्ण नाव लिहिले. आडनावाची शेवटची दोन अक्षरे समासात गेली. मग त्यांनी सही केली आणि शाई वाळेपर्यंत कागदावर हात धरून ठेवला.