वडा, चहा आणि सही

शनिवारी सकाळी कांजूरमार्गच्या चाळीत जान्हवी घाडी बोंबील साफ करत होती आणि चौथीतली अबोली शेजारी बसून धडा वाचत होती. पोरगी घडाघडा वाचते, याचा जान्हवीला कोण अभिमान! तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्याने पानं उलटली. पुस्तक भलत्याच धड्यावर उघडलं, पण अबोलीचं वाचन एका अक्षरानेही अडलं नाही.

जान्हवीचे हात थांबले. नव्या पानाकडे तिने मानेनेच खूण केली. "हे वाच गं."

अबोलीने पहिल्या शब्दावर बोट ठेवलं, पण ते पुढे सरकेना. "आई, हे बाईंनी आमच्याकडून पाठ करून घेतलेलं नाही," ती म्हणाली आणि रडायला लागली.

दुपारी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक होती. जान्हवी तीन वर्षं पालकांच्या वतीने त्या समितीत होती. बैठक म्हणजे काय, तर अध्यक्ष नंदकिशोर तावडे वडे आणि चहा मागवायचे, मुख्याध्यापिका सुहासिनीबाई आधीच लिहिलेली वही पुढे करायच्या, पालक सह्या ठोकून घरी जायचे. हसू नका. आपण मुलांच्या शाळेत कशाखाली सही करून येतो, हे आपल्यातल्या किती जणांनी वाचलंय?

त्या दिवशी जान्हवीने वाचलं. 'चौथीची सर्व मुले अस्खलित वाचतात. पालकांनी समाधान व्यक्त केले.' तिने मागची पानं चाळली. तिथेही हेच वाक्य आणि खाली तिचीच सही. तिला संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली.

"बाई, हे खोटं आहे."

"मला काय हौस आहे?" सुहासिनीबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "चार वर्ग, दोन शिक्षक, त्यातला एक कायम सर्वेक्षणाच्या कामाला. खरं लिहिलं तर नाव जाईल, पट घटेल, शाळा बंद होईल. मग कुठे घालाल पोरीला?"

"घाडी वहिनी, सही करा ना," तावडे बशी सरकवत म्हणाले. "एवढ्यासाठी शाळेची वाट लावताय काय?"

भीती तिलाही होती. दुसरी शाळा परवडणारी नव्हती. पण सकाळचं ते रडणं कानातून जात नव्हतं. ती ताडकन उठली, आणि रागाच्या भरात गावची बोली तोंडून बाहेर पडली. "माका नको तुमचो वडो! माझ्या चेडवाक वाचूक येना नाय!"

वहीतलं ते छापील वाक्य खोडून तिने खाली लिहिलं : 'माझ्या मुलीला वाचता येत नाही. आम्हाला शिक्षक द्या. तोवर रोज एक पालक वर्गात बसून मुलांचं वाचन घेईल.' खाली सही ठोकली. "पहिला आठवडा माझा."

मग रिक्षा चालवणारे विद्याधर उठले. "माझ्या पोराचीही तीच गत आहे," म्हणाले आणि सही केली. हळूहळू सगळ्यांनी केली. शेवटी सुहासिनीबाईंनीही पेन हातात घेतलं. वडे तसेच गार झाले.

सोमवारी जान्हवी वर्गात बसली. अबोलीपुढे तिने बैठकीची तीच वही उघडली, कारण ते तरी नक्की कुणी पाठ करून घेतलेलं नव्हतं.

"मा... माझ्या... मु... मुली... ला..." ओळ संपायला बराच वेळ लागला. संपल्यावर अबोलीचा चेहरा पडला. "आई, हे माझ्याबद्दल लिहिलंस?"

"हो. आणि ते तूच खोडायचंस," जान्हवी म्हणाली. "चल, पुढची ओळ वाच."