रंभाबाईंचे ठिपके

खंडेराव शेठना संगीतातलं ओ की ठो कळत नाही, हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलं असतं. पण पियानो त्यांच्या घरात होता.

शेठ साताऱ्याकडचे. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम निघालं तसे खडी पुरवायला इकडे आले आणि बघता बघता गबर झाले. केळव्यात एका म्हाताऱ्या पारशीणबाईंचा बंगला त्यांनी सामानासकट उचलला. त्या सामानात हा आपोआप वाजणारा पियानो. पायाखालच्या फळ्या दाबल्या की भाता हवा खेचतो, भोकं पाडलेला कागद रुळावरून सरकतो आणि जिथे भोक येईल तिथली हातोडी तारेवर पडते. माणसाने फक्त पाय हलवायचे. शेठना तो एवढ्यासाठीच आवडला असणार.

मी पालघरचा, बाजाच्या पेट्या दुरुस्त करणारा. उमेदवारीच्या दिवसांत एकदा त्या पारशीणबाईंकडे पेटी पोचवायला गेलो होतो. बाईंनी लाल काठाचा एक कागद चढवला आणि मला पायरीवर बसवून ऐकवला. त्या सुरांनी माझं डोकं फिरलं ते फिरलंच. पुन्हा ते कधी कानावर पडले नाहीत. कुणाला सांगावं तर लोक हसले असते, आणि हसणाऱ्यांची लायकी मला ठाऊक होती. शेठचं बोलावणं येताच मी धावलो ते त्या एका कागदासाठी.

खाऱ्या हवेने पियानोची पार वाट लावली होती. पावसाळाभर खपून मी भात्याला नवं कातडं चढवलं, नळ्या बदलल्या, गंजक्या तारा काढून नव्या ओढल्या. हातोड्यांच्या दांड्या वाळवीने पोखरलेल्या. त्या जमतील तशा सरसाने सांधल्या. दिवाळी झाली की शेठ वीज केंद्रावरच्या गोऱ्या साहेबाला आणि बड्या अधिकाऱ्यांना जेवायला बोलावणार होते, तेव्हा तो वाजायला हवा होता. कागदांनी भरलेली ट्रंक मी आलो त्या दिवशीच पाहिली होती, म्हणून निर्धास्त होतो. जेवणाच्या आदल्या दिवशी ट्रंक उघडली तर आत उंदराच्या लेंड्या.

"आजी, कागद कुठे गेले?" मी शेठच्या आईला विचारलं.

"ती भोकांची भेंडोळी व्हय?" रंभाबाई म्हणाल्या. "आवं, समद्या आळीला वाटली की म्या. ठिपक्याचं कागूद झालं चांगलं."

मी कपाळावर हात मारून घेतला. रांगोळीचे ठिपके सारखे पडावेत म्हणून बायका कागदाला उदबत्तीने भोकं पाडतात. म्हातारीला भोकं आयती सापडली होती! बरं, ती वेडीवाकडी, म्हणून तिने मधे मधे स्वतःच्या उदबत्तीने सरळ ओळी पाडल्या होत्या. माणसाला अक्कल नसली तर समजू शकतो. पण असली की ती नेमकी अशाच जागी का चालते?

दारोदार फिरलो. शेजारच्या मैनाबाईने तर तुकडा माझ्या अंगावरच फेकला. "घे तुजा कागूद! येक ठिपका धड नाय. माजी रांगोळी बिगडवली." तिच्या लेखी अपराधी मी.

मिळाले ते तुकडे एकापुढे एक चिकटवले. कुठला कुठे ते देवालाही समजलं नसतं. पण लाल काठाचा एक लांबलचक तुकडा जसाच्या तसा मिळाला. त्याला उदबत्ती लागली नव्हती. गोड शेवटी खावं, तसा तो मी अगदी टोकाला जोडला. सरस वाळतोय तोवर पाहुणे दारात. ऐकून बघायला वेळच उरला नाही.

मी पाय चालवायला लागलो. या तुकड्यातलं थोडं, त्या तुकड्यातलं थोडं, असं काहीबाही वाजलं आणि मग रंभाबाईंचे ठिपके आले. भोकांची सरळ ओळ म्हणजे वीसेक हातोड्या एकदम. धडाम्! पुन्हा धडाम्!

मग शेठ नाटकाला बसल्यासारखे ओरडले, "वन्स मोअर!" अधिकाऱ्यांनी टाळ्या पिटल्या. एक जण बायकोला समजावत होता, "विलायती संगीत असंच असतं, भारदस्त." गोरा साहेब तेवढा ओठ आवळून हातातल्या ग्लासात बघत होता.

"शेठ, पुढे ऐका," मी म्हणालो. "खरं पुढेच आहे."

"पुढचं ऱ्हाऊ द्या वामनराव. त्येच लावा, आन् जोरात!"

घर त्यांचं. कागद मागे गुंडाळला. पुन्हा धडाम्, पुन्हा वन्स मोअर. त्या टाळकुट्यांना मनातल्या मनात शिव्या घालत मी पाय मारत होतो. दर धडामसरशी आत काहीतरी काडकन मोडत होतं, ते फक्त मला ऐकू येत होतं. शेवटी ठिपक्यांच्या जागी नुसती खडखड व्हायला लागली, तेव्हा शेठ उठले. "झकास! चला, पानं वाढलीत."

दिवाणखाना रिकामा झाला. मी कागद पुढे नेला. लाल काठ आला. पट्ट्या आपोआप खाली-वर होऊ लागल्या, एकही न चुकता. पण मधल्या सगळ्या हातोड्या तुटून तळाशी पडल्या होत्या. कडेच्या दोन-चार तेवढ्या टणटणल्या, बाकी हवेची फुसफुस. पट्ट्यांकडे बघत मी ते जुने सूर आठवायला लागलो, पण डोक्यात धडाम् धडाम्‌शिवाय काही येईना.